सुशीलाताईंच्या कार्डावरची ओळ

सुशीलाताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी अन्नपूर्णेच्या बाजारात भाजी घेत होतो. पिशवी तिथेच टाकून निघालो... आता महिना होईल. तोंडाने सांगायची हिंमत झाली नाही, म्हणून लिहितोय.

ताईंचे वडील महूच्या पलटणीत, माझे आजोबा इंदूरच्या राजदरबारात कारकून. त्या ताठ, मी साहेब दिसला की वाकणारा. इंदूरच्या आमच्या गिरणी-वस्तीत कामगारांनी आपल्या वर्गणीवर दवाखाना काढला होता. ताई तिथल्या नर्स, मी सेक्रेटरी. कार्डावर आजाराखाली त्या एक ओळ न चुकता लिहायच्या, ‘कताई खातं, एकोणीस वर्षं.’ कापसाच्या धुळीत माणसानं किती आयुष्य काढलं ते त्यावरून कळायचं.

गिरण्या बंद पडल्या तशी वर्गणी आटली. औषधांचं कपाट रिकामं. मी भोपाळच्या चकरा मारमारून सरकारी अनुदान मिळवलं आणि मंजुरीचं पत्र हातात येताच, गिरणीकडे बोट दाखवणारं काही दिसलं तर पैसा थांबेल म्हणून घाबरलो. ताईंना म्हणालो, “आता नुसतं खोकला लिहा. खात्याची ओळ नको, भोपाळच्या साहेबांनी सांगितलंय.”

“पैसा सरकारचा, ठीक है भाऊ. पण छाती तर आपल्या माणसांची आहे ना?”

“पहले औषधं तर येऊ द्या, ताई.”

औषधं आली, हे खरं. ताई तीन वर्षं खोकला लिहीत राहिल्या, कताई खात्यातल्या स्वतःच्या नवऱ्याच्या कार्डावरसुद्धा. मग नुकसानभरपाईसाठी गिरणीमुळेच छाती गेली हे सिद्ध करायची वेळ आली. वकिलानं त्याच तीन वर्षांची कार्डं मागितली. खोकला तर कोणालाही होतो, असं म्हणून सगळे अर्ज फेटाळले गेले. ताईंच्या मिस्टरांचाही. ते त्याच हिवाळ्यात गेले.

ताईंना शेवटचं भेटलो ते इस्पितळात. म्हणाल्या, “भाऊ, त्या साहेबाला एकदा विचारायचं होतं. आम्ही त्याचं काय बिघडवलं होतं?”

“रिटायर झाले ते, ताई.”

“जाऊ द्या. तुम्ही तरी काय करणार होता?” असं म्हणून त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. मी तो ठेवू दिला, लाज वाटली तरी.

दवाखान्याच्या कपाटात ती कार्डं अजून आहेत. ताईंच्या सुबक अक्षरात खोकला, खोकला, खोकला... शेजारी अनुदानाची फाइल. परवा ती पहिल्या पानापासून शेवटपर्यंत पुन्हा वाचली. खातं लिहू नका, अशी अट तिच्यात कुठेही नाही. साहेबानं तर आमचं एक कार्डही कधी पाहिलं नव्हतं.

ताई, तसं कोणीच सांगितलं नव्हतं. मीच सांगितलं.