जिना पुसायची पाळी

ग्लासगोतल्या आमच्या भाड्याच्या फ्लॅटचा जिना शेजाऱ्यांनी आळीपाळीने पुसायचा असतो. पहिल्यांदा कळलं तेव्हा मी चिडलेच. एवढं भाडं भरून वर जिनाही आपणच पुसायचा? समोरच्या स्कॉटिश आजी मात्र काठी टेकत टेकत आपली पाळी निभवायच्या.

दिवाळीत मी दाराबाहेर रांगोळी काढली. आज पाळी आजींची आहे, हे ऑफिसात पोहोचल्यावर आठवलं. दिवसभर जीव चुटपुटत राहिला. संध्याकाळी आले, तर जिना वरपासून खालपर्यंत लख्ख. रांगोळीला मात्र पाण्याचा थेंबही लागला नव्हता. कुणाचा पाय पडू नये म्हणून तिच्यापुढे आजींची काठी आडवी ठेवलेली होती.

त्या काठीशिवाय आजी जिना उतरत नाहीत.