आक्कांच्या हाताखालचे तीन महिने

पंप बनवणाऱ्या त्या कारखान्यात नवा इंजिनिअर आला, की त्याची पहिली खुर्ची आक्कांच्या टेबलाशी. गुणपत्रिका कितीही झळझळीत असो, तीन महिने त्यांच्या हाताखाली काढायचे आणि शेवटी त्यांनी अहवालात ‘ठेवावे’ लिहिलं, तरच नोकरी पक्की. स्वतः आक्का कॉलेजची पायरी चढलेल्या नाहीत. एकोणिसाव्या वर्षी ड्रॉइंगच्या नकला शाईनं काढायला आल्या; त्रेचाळिसाव्या वर्षी पोटच्या पोरीशेजारी बसून कॉम्प्युटर शिकल्या. आता स्क्रीनवरची रेघ अर्धा मिलिमीटर सरकली, तरी त्यांना चपलेतल्या खड्यासारखी टोचते.

त्यांची एक रीत. ड्रॉइंग पाठवलं, की नवख्यानं स्वतः ड्रिलमशीनपाशी जायचं आणि मिस्त्रीकडून ते मोठ्यानं वाचून घ्यायचं. “तुम्हाला कळून उपयोग काय? भोकं तो पाडतो,” आक्का म्हणत.

यंदाची पोरगी वर्गात पहिली आलेली. सॉफ्टवेअरवर तिची बोटं अशी पळत, की आक्काही चष्मा वर करून बघत राहत. पण अहवालाला दोन दिवस उरले असताना घाई नडली. ‘फायनल’ नावाच्या दोन फायली होत्या. हिनं जुन्या पंपाची धाडली आणि मिस्त्रीकडं जायचा कंटाळा केला. जेवणाच्या सुट्टीपर्यंत बावीस प्लेटींना भलत्याच जागी भोकं पडली.

साहेबांना पाठवायचा मेल तिनं आधी आक्कांना दाखवला. सुरुवात होती, ‘काही तांत्रिक अडचणीमुळे...’

“अडचण ड्रिल चालवत होती होय गं?”

“नाही, आक्का.”

“मग कोण चुकलं ते लिही. किती, कशानं, आता काय करता येईल. साहेबांना कादंबरी नकोय.”

“काढतील मला.”

“काढतीलही. पण लपवलंस, तर मीच काढीन.”

पोरगी थोडा वेळ नाक ओढत बसली. मग तिनं जुन्या पंपाच्या सुट्या भागांच्या मागण्यांचा तक्ता उघडला, फिल्टर लावले, हजारभर ओळी चाळल्या. सोळा प्लेटी तिथं जशाच्या तशा बसत होत्या. आक्कांनी मेल तीनदा परत लिहायला लावला. चौथ्या खेपेला पाच ओळी उरल्या. पहिली होती, ‘चूक माझी आहे.’

संध्याकाळी साहेब टेबलाशी आले.

“आक्का, हे तिनं लिहिलंय की तुम्ही?”

“मी? मी मिस्त्रीवर ढकलून मोकळी झाले असते.”

साहेबांना हसू आवरेना. “तरी सहा प्लेटी भंगारात, आक्का. ठेवायची हिला?”

“सॉफ्टवेअर कुणालाही शिकवता येतं, साहेब. आपली चूक आपण निस्तरणं अंगात मुरवायला मला एरवी तीन महिनेही पुरत नाहीत. हिनं एका दुपारीत केलं.”

साहेबांनी खुर्ची ओढली. “उद्या गिऱ्हाईकाचा फोन येईल, माल उशिरा का म्हणून. तो तिलाच घेऊ दे.”

“घेईल की,” आक्का म्हणाल्या, आणि अहवालात ‘ठेवावे’ लिहून सहीसाठी पेन त्यांच्यापुढं धरलं.