चुन्यात उकळलेलं बियाणं
भिजल्या चुन्याचा वास आला की आखातातल्या जुमेरा लेक टॉवर्समधलं आमच्या हॉटेलचं किचन आठवतं. आमची शेफ ग्वाटेमालाची, माया समाजातली; रोटीसाठी ती मका चुन्याच्या पाण्यात उकळायची. एकदा दुपारच्या गर्दीत मका संपला, म्हणून मी तिच्या कपाटातली काळ्या मक्याच्या दाण्यांची पुरचुंडी सरळ पातेल्यात ओतली. झाकण उघडून ती थिजलीच. "अरे, ते बियाणं होतं! गावात आता सगळे कंपनीचं पेरतात. बाबांचं एवढंच उरलं होतं." नोकरी गेली, असंच मला वाटलं. तिने मात्र दाणे वाटले, रोट्या भाजल्या आणि पहिली माझ्या हातात ठेवली. "खा. मका टाकायचा नसतो. देवाने आम्हाला मक्याच्याच पिठातून घडवलंय." मी ती खाल्ली. परवा फोनवर गावाकडच्या भावाला विचारलं, आमच्या जुन्या लाल भाताचं बी उरलंय का. तो हसला, "ते केव्हाच खाऊन संपवलं."