इंदूबाई सिस्टरचे निळे ठिपके

पांढरकवड्याच्या आपल्या गल्लीत इंदूबाईंना नावानं हाक मारणारं माणूस शोधून सापडायचं नाही. दूधवाल्यापासून गॅसवाल्यापर्यंत सगळ्यांच्या त्या 'सिस्टर'. एकतीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स होत्या, त्यातली निम्मी वॉर्ड सांभाळण्यात गेली. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी गल्लीत कोणी शिंकलं की यांची खिडकी उघडते आणि आतून हुकूम येतो, "तोंडावर रुमाल धर!" शिंकणाऱ्याला वाटतं, आकाशवाणी झाली.

पण हुकूम ऐकायला घरात कोणी हवं ना? नवरा देवाघरी गेलेला. मुलगा पुण्यात. तो चर्चची पायरी चढत नाही, हे इंदूबाई कोणाला सांगत नसत, म्हणून गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून चर्चचा तरुण संघ चालवणारे गुरुजी बदली होऊन गेले आणि पाळकसाहेबांनी तो संघ यांच्या पदरात टाकला, तेव्हा बाईंना वाटलं, देवानं दुसरी संधी दिली. आठवी ते बारावीची नऊ पोरं. दर रविवारी सकाळची उपासना झाली की चर्चच्या मागच्या खोलीत तासभर. एक हातचं गेलं. निदान ही नऊ तरी जाऊ द्यायची नाहीत, असं त्यांनी मनाशी धरलं.

दोन-तीन रविवारांत त्यांनी रोगाचं निदान केलं. पोरं नास्तिक नव्हती. देव मानत होती, पण पाहुणा आल्यावर मागच्या खोलीतला म्हातारा जसा शेवटी आठवतो, तसा. आधी मोबाईल, मग क्लास, मग क्रिकेट, मग पोरींचं किंवा पोरांचं जे काय असेल ते, आणि उरलंच काही, तर देव.

"सकाळी डोळे उघडल्यावर आधी काय करता रे?" त्यांनी विचारलं.

"आधी डोळे चोळतो, सिस्टर," अभिषेक म्हणाला. बारावीतलं कार्टं, जीभ त्याच्या आधी दोन पावलं चालायची.

सगळे हसले. इंदूबाई हसल्या नाहीत. भाषण देऊन ताप उतरत नाही, हे त्यांना वॉर्डानं शिकवलं होतं. ताप आधी मोजावा लागतो.

म्हणून त्यांनी चार्ट काढले. दवाखान्यात खाटेच्या पायथ्याशी लटकतो ना, तापाचा, तसाच. आलेखाच्या कागदावर महिन्याचे तीस दिवस आणि प्रत्येक दिवसाला एक ठिपका. उठल्यावर आधी प्रार्थना केली तर वर निळा. आधी मोबाईल धरला तर खाली लाल. ठिपके जोडायचे, रेघ आपोआप तयार. मागच्या खोलीच्या भिंतीवर नऊ खिळे, नऊ चिमटे, नऊ चार्ट. पोरांनी रोजचा ठिपका घरी वहीत टिपायचा आणि रविवारी लवकर येऊन चार्टवर उतरवायचा.

महिनाभरात चमत्कार झाला. आठ चार्टांवर निळी रेघ, अशी सरळ की वर वाळवण घालावं. फक्त वर्षाचा चार्ट वेगळा. वर्षा म्हणजे भीमराजची पोरगी, दहावीतली, अंगानं काडी आणि बोलणं त्याहून कमी. तिच्या कागदावर सव्वीस लाल ठिपके, खाली खाली रांगणारे, आणि चार दिवस रिकामेच.

आता खरी गंमत ऐका. इतक्या वर्षांत या बाईनं शिकाऊ नर्सांना कितीदा तरी रडवलं होतं, ते याच गोष्टीवरून. जिवंत माणसाचा ताप सरळ रेघेत कधीच चालत नाही. चार्टावर सरळ रेघ दिसली की समजावं, पोरीनं थर्मामीटर लावलाच नाही, बसल्या जागी आकडे मांडले. लांबून कागद बघून त्या चोर पकडायच्या. आणि इथं आठ सरळ रेघा भिंतीवर टांगलेल्या, तर बाई चष्मा पुसून देवाचे आभार मानत उभ्या.

पुढची चूक त्याहून मोठी. रविवारच्या उपासनेत नावानिशी प्रार्थना करायची आपल्याकडे रीत आहे. आजाऱ्याचं नाव घेतात, परीक्षेला बसणाऱ्याचं घेतात. आणि तब्येत ठणठणीत असताना, परीक्षा नसताना कोणाचं नाव आलं, की शहाण्यानं समजून जावं, मामला काहीतरी आहे. इंदूबाईंनी आधी आठ पोरांबद्दल आभार मानले. मग म्हणाल्या, "आणि प्रभू, आमच्या वर्षाला सांभाळ. तिचं मन तुझ्याकडे वळव."

मनात मायाच होती. पण डोळे मिटलेल्या साठ माणसांपैकी चाळिसांचे डोळे त्या क्षणी उघडले. मागच्या बाकावरची तानाबाई तर प्रार्थना संपेपर्यंतही थांबली नाही; शेजारणीच्या कानाशी लागून म्हणाली, "काय केलं वो पोरीनं?" संध्याकाळपर्यंत वर्षानं काय काय केलं, याच्या गावात चार आवृत्त्या झाल्या. एकीत पोरगा होता, एकीत तर मोटरसायकलही होती.

भीमराज चर्चच्या कमिटीवरचा माणूस, दानाची थैली फिरवणारा. त्यानं घरी जाऊन पोरीचा मोबाईल आपल्या कपाटात कोंडला आणि दोन कानाखाली दिल्या. पुढच्या रविवारी वर्षा आली नाही. त्याच्या पुढच्यालाही नाही.

तिसऱ्या रविवारी इंदूबाईंना चैन पडेना. उपासनेच्या तासभर आधीच त्या मागच्या खोलीकडे गेल्या. आत अभिषेक स्टुलावर चढलेला, हातात निळा पेन, आणि भिंतीवरच्या नव्या महिन्याच्या चार्टांवर भराभर ठिपके देत चाललेला. बाकीची पोरं खाली बसून समोसे खात होती.

"हे काय चालू आहे?"

स्टूल डगमगलं. अभिषेक सावरला. "काही नाही सिस्टर, यांचे हात तेलकट होते, म्हनून मी मदत करून राह्यलो."

इंदूबाईंनी जवळ जाऊन चष्मा लावला. "बाबू, हा ठिपका तर येत्या शुक्रवारचा आहे!"

"हाव सिस्टर. विश्वासानं भरला. तुमीच म्हनता ना, विश्वासानं पुढं चाला म्हनून."

समोसा खाणाऱ्या एकाला ठसका लागला. इतर वेळी इंदूबाईंनी त्याच्या पाठीत थोपटलं असतं. आज त्या भिंतीकडेच बघत राहिल्या. आठ रेघा, एकच पेन, एकाच हाताचा तिरका ठिपका. आणि शेवटच्या खिळ्यावर वर्षाचे मागच्या महिन्याचे ते सव्वीस लाल, प्रत्येक वेगळा, कुठं दाबून दिलेला, कुठं थरथरलेला. इतका खरा चार्ट त्यांनी वॉर्डातसुद्धा क्वचित पाहिला असेल.

त्या तडक पाळकसाहेबांकडे गेल्या आणि पाहिलं ते सांगितलं. पाळकसाहेब भला माणूस, पण उपासनेत द्यायच्या संदेशाची तयारी अर्धी राहिलेली. म्हणाले, "सिस्टर, पोरं येतात ना? मग झालं. आणि एक आनंदाची गोष्ट, कमिटीला तुमचे चार्ट फार आवडले. मोठ्यांसाठीही छापायचं ठरतंय."

दुपारी इंदूबाई भीमराजच्या घरी पोचल्या. तो झोपला होता. त्याच्या बायकोनं चहा टाकला. वर्षा मागच्या अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. इंदूबाई शेजारी टेकल्या, गुडघे कुरकुरले. माफी कशी मागतात ते या बाईला माहीत नव्हतं. जन्मभर लोकांनीच यांची मागितलेली.

"माझं चुकलं, माय," एवढंच त्या म्हणाल्या. "त्या पोरांनी सगळं खोटं भरलं होतं."

"मले माहीत होतं," वर्षा म्हणाली. शेंगा सोलायचं थांबली नाही.

"मग सांगितलं काहून नाहीस?"

"तुमी इचारलंच नाही."

बाईंनीही मूठभर शेंगा पुढ्यात ओढल्या. मग इंदूबाईंनी विचारलं, "ते चार दिवस रिकामे काहून ठेवले होतेस?"

"त्या दिवशी उठल्याबरोबर प्रार्थना केली होती मी."

"अगं, मग निळा द्यायचा!"

"प्रार्थना करून राह्यली होती, पन मन मोबाईलमधीच होतं. मंग निळा कसा देऊ? अन् लाल बी कसा देऊ, हात जोडले होते ना." तिनं दाणे टोपल्यात सोडले. "म्हनून रिकामं ठेवलं."

पाळकसाहेबांपासून तानाबाईपर्यंत सगळ्या मंडळीत देवाशी इतकं चोख वागणारं दुसरं कोणी नव्हतं, आणि इंदूबाईंनी तिलाच भर सभेत उभी केली होती. "आता?" त्यांनी कसंबसं विचारलं. "आता करतेस प्रार्थना?"

"बाबा रोज सकाळी इचारतात. मी हाव म्हनते." वर्षानं पहिल्यांदा मान वर केली. "येत्या रविवारी येते मी सिस्टर. बाबांनी मोबाईल द्यायचं कबूल केलं हाये, चार्ट निळा दिसला त्. निळाच भरीन."

"नको भरू, बेटा. खरं तेच भर. नाहीतर काहीच नको भरू. मी सांगते तुझ्या बाबांना."

"काय सांगसान? मी घरी खोटं बोलून राह्यली म्हनून?" पोरगी चिडली नव्हती. रुग्णाला समजवावं तसं हळू बोलत होती. "राहू द्या ना सिस्टर. मारतील अजून. दहावीनंतर मले यवतमाळले शिकाले जायचं हाये, ते बी राहून जाईन. तुमी कायले त्रास करून घेता? सगळे भरतात."

चहा आला. इंदूबाईंनी तो कसा प्यायला, त्यांनाच आठवत नाही.

महिना गेला. नव्या पिकाबद्दल देवाचे आभार मानायचा, हंगामाच्या उपकारस्तुतीचा रविवार आला. वेदीसमोर कापसाची बोंडं, पपया, तुरीच्या पेंढ्या मांडल्या. देवानं आपल्यासाठी काय केलं ते उभं राहून सांगायची, साक्षीची वेळ झाली तसा भीमराज उठला. नवा शर्ट, डोळ्यांत पाणी. ते खरं होतं, त्यात काही नाटक नव्हतं. म्हणाला, "माही पोरगी भटकली होती. सिस्टरनं नाव घेऊन प्रार्थना केली अन् देवानं तिले फिरवलं. आता रोज उठल्याबरोबर पहिले देव! तुमी भिंतीवर पाहा, एक ठिपका लाल नाही."

इंदूबाई उभ्या राहिल्या. आदल्या रात्री जागून त्यांनी वाक्यं जुळवली होती: हे सगळं माझ्यामुळं झालं, भिंतीवरचं काही खरं नाही. तोंड उघडलं आणि नजर तिसऱ्या बाकावर गेली. वर्षा त्यांच्याकडेच बघत होती. 'नको' म्हणून डोकं हलवलं तिनं, इतकंसं, बापाला दिसणार नाही असं. आता खरं बोलावं तर मार तिनं खायचा होता.

"बोला सिस्टर, बोला," पाळकसाहेब कौतुकानं म्हणाले.

"देवाची स्तुती असो," इंदूबाई म्हणाल्या आणि बसल्या.

सगळी मंडळी एका आवाजात "आमेन" म्हणाली. त्यात वर्षाचा आवाज सगळ्यात स्पष्ट होता, अभिषेकच्याही वरचा. मान वळवून तिनं सिस्टरकडे पाहिलं आणि पाहुण्यांना देतात तसं एक चांगलं, नीटस हसू दिलं.