टॅनरसाहेबांचं आडनाव

"हात धुतलेस का गं?"

स्टेजवर, सगळ्या शाळेसमोर, पाहुण्यांनी मला हे विचारलं. महाडच्या आमच्या हायस्कूलचं स्नेहसंमेलन होतं. पाहुणे म्हणजे एक रिटायर झालेले मामलेदार. मी दहावीत होते आणि इंग्रजीत शाळेत पहिली आले होते. इंग्रजीत पहिला येईल त्याला टॅनर ढाल मिळायची.

हा टॅनर म्हणजे इंग्रजांच्या वेळचा जिल्ह्यातला एक गोरा साहेब. पोलादपूरच्या डोंगरात शिकारीला यायचा म्हणे. जाताना शाळेला ढाल देऊन गेला. सागवानी फळी, मधे चांदीचा पत्रा, भोवती पितळेच्या पट्ट्या. दर वर्षी एक पट्टी, एक नाव. ती ढाल हेडमास्तरांच्या खोलीत काचेच्या कपाटात असायची. आम्ही पोरं बाहेरूनच बघायचो.

हेडमास्तरांनी नाव पुकारलं. आधी माझं, मग बापाचं, मग चांभार.

ते आमचं आडनाव नव्हे. ती जात. मला शाळेत घालताना मास्तरांनी बापाला विचारलं होतं, "कोण रे तुम्ही?" बाप म्हणाला, "चांभार." मास्तरांनी लिहून टाकलं. झालं आडनाव.

मागच्या बाकांवरून कुणीतरी ओरडलं, "माझी वहाण तुटलीय!" हशा झाला. मास्तरांच्या रांगेतही दोघं हसले. मी आईचं ठेवणीतलं लुगडं नेसून स्टेजवर चढले आणि पाहुण्यांनी तो प्रश्न विचारला.

"धुतले," मी म्हटलं.

त्यांनी ढाल माझ्या हातात दिली नाही. टेबलावर ठेवली. हेडमास्तरांना म्हणाले, "साहेबांची आठवण आहे. जपायला हवी. फोटोला दुसरं कुणी उभं करा."

दुसरी आलेली मुलगी वकिलांची. तिला बोलावलं. तिनं ढाल धरली. ती खाली बघत होती, एवढं सांगायला हवं. फोटोवाला मला म्हणाला, "तू जरा बाजूला हो."

मी झाले बाजूला. तेच मला आजही सलतं. मी झाले.

चवदार तळ्याचं पाणी आम्हाला मोकळं झालं ते माझ्या जन्माआधी. पुढं अस्पृश्यता बंदीचा कायदाही झाला. आणि इथं एका लाकडाच्या फळीलाही मी शिवलेलं चालत नव्हतं.

घरी आले तर बाप पडवीत वहाणांना टाके घालत होता. मागच्या अंगणात ऐनाच्या सालीच्या पाण्यात कातडं कमावायला भिजत पडलं होतं. त्या वासातच मी इंग्रजीचे धडे पाठ केले होते. मामा सुट्टीवर आला होता. तो मुंबईला धारावीत कातड्याच्या कारखान्यात होता. मी घडलं ते सांगितलं. बापाचा हात थांबला. मामा मात्र एकदम म्हणाला, "काय नाव म्हनलीस त्या सायबाचं?"

"टॅनर."

मामा हसत सुटला. "आरं, हा तर आपलाच बंदा निघाला! आमच्या कारखान्याला टॅनरीच म्हनतात गो. एक गोरा यायचा मशीन बघायला. कातडं कमावनाऱ्याला तो टॅनर म्हनायचा. म्हंजे मी टॅनर हाय. तुझा बाप पन टॅनर हाय!"

सगळे हसले. आई पदर तोंडाला लावून हसली. मला हसू आलं नाही. माझ्या पायाला चैन पडेना. मी उठून सावित्रीच्या काठापर्यंत गेले, तशीच परत आले, पुन्हा गेले. डोक्यात एकच. असं असेल तर मग माझेच हात धुतलेत का, हे का विचारलं?

दुसऱ्या दिवशी मी इंग्रजीच्या सरांना गाठलं. सर पुण्याचे. तरुण. माणूस वाईट नव्हता. मला वाचायला पुस्तकं द्यायचे, तीही हातात द्यायचे, टेबलावर ठेवून नाही.

"सर, टॅनर म्हणजे काय?"

"आडनाव आहे."

"अर्थ काय त्याचा?"

सरांनी मला बसायला सांगितलं आणि ते रंगून सांगू लागले. पूर्वी इंग्लंडात माणसाला नुसतं एक नाव असे. एका गावात त्याच नावाची चार माणसं झाली की ओळखायची कशी? मग धंद्यावरून हाक मारत. कातडी कमावतो तो टॅनर. लोखंड ठोकतो तो स्मिथ. हाक चिकटली, बापाची लेकाला लागली, आणि पुढं लेकानं धंदा सोडला तरी नाव राहिलं. स्मिथ तर तिकडं सगळ्यात जास्त. टॅनर तेवढे नाहीत, पण बरेच आहेत. डॉक्टर आहेत, पाद्री आहेत, लष्करात आहेत. तिथून ते नाव जहाजात बसून कुठं कुठं गेलं.

"आणि त्यांना कुणी हसत नाही?"

"छे! कुणाच्या लक्षातही येत नाही अर्थ."

"मग माझ्या नावाला का हसले सगळे?"

सरांनी खुर्ची मागं सरकवली. खिडकीकडे गेले. म्हणाले, "तिकडची गोष्ट वेगळी."

"काय वेगळी, सर?"

ते वळले आणि अगदी मायेनं म्हणाले, "हे बघ, तू हुशार आहेस. आडनाव बदलून टाक. कोर्टात प्रतिज्ञापत्र करता येतं. मी हेडमास्तरांशी बोलतो. ढालीवर नवं आडनाव कोरू. चांगलं दिसेल."

चांगलं दिसेल.

मी घरी आले ती चिडूनच. वाटलं होतं, बाप पण चिडेल. बाप आरी खाली ठेवून म्हणाला, "बदल गो. तुझ्या थोरल्या भावानं नाय बदललं? मुंबैत खोली भेटली त्याला."

"तुम्हाला बरं वाटेल?"

"मला काय वाटायचं हाय. तुला कोन हसनार नाय, यवढंच."

आई चुलीपाशी होती. तिनं वळूनही बघितलं नाही. म्हणाली, "त्याला पत्र घालायचं तर वरती ते दुसरंच नाव लिव्हावं लागतं. मला वाटतं, मी दुसरीच्या पोराची खुशाली इचारतेय."

बापानं आरी पुन्हा हातात घेतली, पण टाका काही घातला नाही.

मी भावाला नावं ठेवत नाही. त्याला बायकापोरांच्या डोक्यावर छप्पर पाहिजे होतं. पण मला एक कळलं. टॅनर आणि चांभार, दोन्ही नावं कातड्याच्याच कामातली. वाईट ते काम नाही, ते नावही नाही. साहेबानं ते नाव लावलं तर काचेच्या कपाटात, मी लावलं तर स्टेजच्या कडेला. घाण माझ्या नावात नव्हतीच. हसणाऱ्याच्या तोंडात होती. मग तोंड त्यांचं आणि धुवायचं मी?

हेडमास्तरांनी मला बोलावून घेतलं. सर बाजूला उभे होते.

"कोणतं आडनाव ठरलं?"

"आहे तेच."

"पोरी, तुझ्या भल्याचं सांगतोय."

"आहे तेच कोरा."

"ते ढालीवर शोभणार नाही. मग पट्टीच बसणार नाही."

"नका बसवू."

सरांनी मान खाली घातली. त्या वर्षाची पट्टी बसली नाही. कुणाला पश्चात्ताप झाला नाही, कुणी माफी मागितली नाही. पुढच्या वर्षी, अकरावी मॅट्रिकला, मला उद्धट म्हणून मागच्या बाकावर बसवलं. मी मागच्या बाकावरून मॅट्रिक झाले.

पुढं ट्रेनिंग करून मी मास्तरीण झाले. पहिली नेमणूक पोलादपूरला. एस.टी.तून ट्रंक घेऊन उतरले, शाळेत हजर झाले आणि खोली शोधायला निघाले. तिथल्याच एका बाईंनी निघताना कानात सांगितलं होतं, "नुसतं नाव सांगा. आडनाव विचारलं तर बोलणं फिरवा."

पहिल्या घरी ओटीवर मालकीणबाई तांदूळ निवडत होत्या. खोली दाखवली. मोकळी, उजेडाची, मागं विहीर. मला आवडली. त्यांनाही मी आवडले असावे, चहाचं आधण ठेवायला त्यांनी सुनेला सांगितलं.

"नाव काय म्हनालात, बाई?"

मी नाव सांगितलं. आडनाव त्यांनी विचारलं नव्हतं. मीच सांगितलं. पूर्ण, मोठ्यानं, आत सुनेला ऐकू जाईल असं.

त्यांचा हात सुपातच राहिला. मग म्हणाल्या, "खोली तशी भावाच्या पोरासाठी ठेवलीय."

चहा बाहेर आला नाही.

मी ट्रंक उचलली. रस्त्यावर ऊन रणरणत होतं. एक पक्कं झालं. नाव लपवून मिळालेल्या खोलीत मी एक रात्रही झोपणार नाही. ज्याला मला घरात घ्यायचं असेल त्यानं सगळीच्या सगळी घ्यावी. नाहीतर दार लावावं, माझ्या तोंडावर, उघड. ते लावताना मी तिथंच उभी राहून बघेन. बाजूला होणार नाही.

पुढच्या घराची कडी वाजवली.

"कोन हाय?" आतून बाईमाणसाचा आवाज आला.

मी आधी आडनाव सांगितलं.