वाचले, समजले

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. लोणावळ्याच्या पावसात भिंतीला बुरशी चढते, तसे ते आपोआप साठतात. साठे मास्तरांच्या क्लासचे माझ्याकडे असे बरेच साठलेत. विषय काढला की बायको उठून आत जाते, म्हणून तुम्हाला सांगतो.

साठ-पासष्ट सालच्या आसपासची गोष्ट. रेल्वेत खालच्या माणसाला क्लार्क व्हायचं तर खात्याची परीक्षा द्यावी लागे. गणित, पत्रलेखन वगैरे ठीक होतं, पण त्यात एक भलताच प्रश्न असायचा. कुणाचा तरी युक्तिवाद छापलेला, आणि तो कुठे टिकतो, कुठे ढासळतो यावर निबंध लिहायचा! आमच्या लोणावळा स्टेशनातली निम्मी माणसं या एका प्रश्नावर गारद व्हायची. मी पार्सल ऑफिसात होतो, त्या परीक्षेतून कसाबसा सुटलेला, म्हणून मास्तरांच्या मदतीला. क्लास दर रविवारी रेल्वे इन्स्टिट्यूटच्या कॅरमच्या खोलीत भरे.

हायस्कुलातून रिटायर झालेल्या मास्तरांचा नियम एकच होता. "तुमचं मत कुणी विचारलेलं नाही! समोरचा जे म्हणतो ते त्याच्याच पुराव्यावरून सिद्ध होतं का, तेवढं बघा."

*

पहिल्या दिवशी मास्तरांनी फळ्यावर लिहिलं, 'गावात डॉक्टर आला त्या वर्षी आजारी माणसे वाढली. म्हणून डॉक्टरला घालवावे.' आणि सगळ्यांना निबंध लिहायला बसवलं.

कुसगावचे बबनराव शेळके घाटात रूळ राखणारे गँगमन होते. त्यांनी फळ्यावरचा मजकूर मोत्यासारख्या अक्षरात उतरवून काढला होता. खाली लिहिलं होतं, 'वाचले, समजले.' आणि सही.

"हे काय, बबनराव?"

"वरनं कागद आला की आसंच करत्यात की."

खरंच, गँगमध्ये वरून आलेली सूचना वाचून अशीच सही करायची शिस्त होती. मास्तरांनी चष्मा काढला. "आधी दोनदा परीक्षेला बसलात, तेव्हा काय लिहिलं होतंत?"

"ह्येच."

परीक्षेला तीनदाच बसता येई, आणि बबनरावांची ही शेवटची खेप होती.

*

पुण्यापुढच्या वाफेच्या इंजिनात कोळसा टाकणाऱ्या फर्नांडिस फायरमनची तऱ्हा निराळी. त्याला प्रश्न आला, 'स्टेशनवर चहाचा स्टॉल आल्यापासून गाड्या उशिरा सुटतात, तरी स्टॉल बंद करावा.' गड्याने पानंच्या पानं लिहिली. कोळसा भिजका येतो, चढावर वाफ धरत नाही, ड्रायव्हर ऐकत नाही!

मास्तर म्हणाले, "अरे, मत विचारलेलं नाही!"

"मत कसलं मास्तर? मी इंजिनावर होतो!"

*

सिग्नलच्या केबिनीतले मारुतराव केबिनमन नवलाख उंबरे गावचे. त्यांच्या वाट्याला सुखपूर आलं. सुखपूरला नवी विहीर खोदली आणि दुसऱ्या वर्षी पीक दुप्पट आलं, सबब सगळीकडे विहिरी खोदाव्यात. मारुतराव कागद खिशात घालून गेले. पुढच्या रविवारी आले ते तणतणतच.

"मास्तर, कर्जतपासनं पुन्यापत्तुर समद्या केबिनींना फोन लावला. सुखपूर कुनालाच ठावं न्हाई!"

"अहो, ते काल्पनिक गाव आहे."

"गावच न्हाई?" मारुतरावांनी पेन्सिल खाली ठेवली. "मंग भांडायचं कुनाशी?"

*

बबनरावांना मात्र हळूहळू गोम कळायला लागली. छापलेलं खोटं ठरू शकतं, हे एकदा पटल्यावर त्यांना सुचेना काय करू आणि काय नको!

परीक्षेआधी ते गावच्या देवाला कौल लावायला गेले. गुरवाने देवाला फूल चिकटवलं, गाऱ्हाणं घातलं. फूल उजवीकडे पडलं. "झालं काम, बबन. पास!"

बबनराव जागचे हलले नाहीत. "आबा, मागच्या दोनी येळला बी उजवंच पडलं व्हतं. मी तर नापास झालो."

गुरवाने जरा विचार केला. "मंग यंदा डावं पाडू का?"

*

एका रविवारी बबनरावांच्या मंडळी सोनाबाई थेट क्लासात आल्या.

"मास्तर, ह्यास्नी शिकवलंय ते पेपरापुरतंच ऱ्हाऊ द्या. परवा म्हटलं, लाकडं वली हायेत, चूल पेटंना. तर म्हनत्यात, दुसरं काय कारन आसंल त्ये बी बघ!"

सगळे हसले. सोनाबाई हसल्या नाहीत. "पर पास करा त्यास्नी. पावसाळ्यात घाटात दरडी बघायला जात्यात. माघारी येईस्तवर मला घास गिळत न्हाई."

त्यानंतर त्या दिवशी कोणी विनोद केला नाही.

*

बबनराव पास झाले! पुण्याहून साहेब नेमणुकीची ऑर्डर घेऊन आले. स्टेशन मास्तरांच्या खोलीत बबनराव उभे, दाराशी साठे मास्तर आणि मी, बाहेर बाकावर सोनाबाई. साहेबांनी कागद पुढे सरकवला आणि पेन दिलं.

बबनरावांनी कागद वाचला. परत वाचला. मग पेन टेबलावर ठेवलं.

"साहेब, ह्यात लिवलंय, मी परीक्षा पास झालो, म्हनून पार्सल क्लार्कच्या कामाला लायक हाये."

"बरोबर आहे."

"परीक्षेत इचारलं निबंधाचं. मला पार्सलचं काम जमतंय, ह्ये त्यावरनं कसं ठरलं?"

साहेबांनी कागद स्वतःकडे ओढून वाचला, मग बबनरावांकडे पाहिलं. बाहेर सोनाबाई उठून उभ्या राहिल्या. कागद तसाच परत गेला असता तर बबनराव पुन्हा घाटात!

साठे मास्तर घाईघाईने पुढे झाले आणि बबनरावांच्या कानाशी लागले. "बबनराव, हा युक्तिवाद नाही! ही ऑर्डर आहे!"

"आसं व्हय? मंग आदी सांगायचं की."

बबनरावांनी कागद सरळ केला, पेन उचललं आणि मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं, 'वाचले, समजले.' आणि सही केली.