जेवून राहिले होते

मी एकतीस वर्षं पेठेतल्या एका शाळेत मराठी शिकवलं. मुलं मला घाबरायची आणि मला ते आवडायचं. निवृत्त झाल्यावर तीन वर्षांत यजमान गेले. मग मुलीच्या आग्रहावरून पेठेतलं घर विकलं आणि शहराबाहेर मांजरी गावात तिच्याच सोसायटीत, समोरच्या इमारतीत, एक लहान फ्लॅट घेतला. मुलगी आणि जावई सकाळी आठला बाहेर पडत ते दिवेलागणीनंतर परतत. दिवसभर मी आणि टीव्ही. टीव्हीवरच्या निवेदिका मराठी चुकीचं बोलतात म्हणून मी त्यांना मोठ्यानं सुधारायचे. "'मी तिथे गेली' नाही हो बाई, 'गेले'!" असं रिकाम्या घरात म्हणायचे. यात काही वावगं आहे हे बरेच दिवस माझ्या लक्षात आलं नव्हतं.

आलं ते लिफ्टमध्ये. नवव्या मजल्यावर एक बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ राहतात. ते एका दुपारी लिफ्टमध्ये होते. मी तळमजल्यावर उतरले तरी ते आतच उभे.

"तुम्हाला उतरायचं नाही का?" मी विचारलं.

"नाही," ते म्हणाले. "कुणी भेटतं का बघत होतो. सकाळपासून तुम्ही पहिल्याच."

मला हसू आलं आणि लगेच विरलं. कारण त्या दिवशी माझ्याशीही बोलणारे ते पहिलेच होते.

त्यातून आमचं 'चार ते सहा' सुरू झालं. क्लब हाउसमध्ये टेबल टेनिसचं एक टेबल होतं, दुपारी तिथे कोणी फिरकत नसे. मी माझ्या हातानं सूचना लिहून नोटीस बोर्डावर लावली : साठीच्या पुढच्यांनी रोज चार ते सहा या वेळात यावं, चहा आपापला आणावा, गप्पा सर्वांच्या. पहिल्या दिवशी आम्ही चौघं होतो. महिन्याभरात अकरा झालो. बहुतेकांना मुलांनी गावाकडून आणलेलं. कोणी सांगलीचं, कोणी जळगावचं. सोसायटी उभी राहिली ती उसाच्या रानात, त्यामुळे पलीकडे अजून थोडा ऊस होता, आणि पाचट पेटवलं की काळी राख उडत आमच्या खिडक्यांवर येई. 'आज तुमच्याकडे किती राख आली' यावर आमचा पहिला आठवडा सहज गेला.

पुढे मी शिस्त लावली. दर दिवशी दोघांनी आपल्याविषयी काहीतरी सांगायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. सूत्रं अर्थात माझ्याकडे. मुलगी म्हणाली, "आई, तुला पुन्हा वर्ग मिळाला." तिनं ते थट्टेनं म्हटलं होतं. मला ते गौरवाचं वाटलं.

यवतमाळच्या काकूंना त्यांचा मुलगा घेऊन आला. बालवाडीत मूल सोडावं तसा दारापर्यंत आला आणि मला म्हणाला, "बाबा गेल्यापासून आईला अजिबात करमत नाही. इकडे कोणी ओळखीचंही नाही. जरा बघाल का?" मी म्हणाले, "बघू की. त्यासाठीच तर आहोत आम्ही." काकू माझ्याच वयाच्या, अंगानं बारीक, डोक्यावर पदर. पहिले दोन आठवडे त्या फक्त ऐकत होत्या. कोणी काही सांगितलं की "हो ना बाप्पा" इतकंच म्हणायच्या. एकदा जवसाची चटणी डबाभर घेऊन आल्या. ती पाच मिनिटांत संपली, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदा समाधान पाहिलं.

एका दुपारी बँकवाल्यांनी आपल्या बायकोच्या आजारपणाचं सांगितलं. शेवटचे दोन महिने दवाखान्यात कसे गेले ते. ऐकून सगळे जरा जड झाले होते. मी दुसऱ्या कोणाला तरी बोलायला सांगणार, इतक्यात काकू म्हणाल्या, "मी सांगू का जी?"

"सांगा ना, अवश्य सांगा."

त्या जरा पुढे सरकून बसल्या. मांडीवर दोन्ही हात एकमेकांत घट्ट धरले. "त्या दिवशी आमचे हे जेवून राहिले होते," त्या म्हणाल्या. "मी पोळ्या करून राहिली होती..."

"राहिले होते की जेवत होते?" मी म्हणाले. "दोन्हीतलं एक काहीतरी ठरवा, काकू."

सगळे हसले. जड झालेली हवा एकदम हलकी झाली आणि ती मी केली याचा मला आनंद झाला. काकूही हसल्या. पदर तोंडाला लावून हसल्या. "आमची भाषा तशीच आहे जी," त्या म्हणाल्या.

"बरं, सांगा पुढे."

"काही नाही. झालं."

मी आग्रह करायला हवा होता. त्यांच्या हातांकडे बघायला हवं होतं. एकतीस वर्षं वर्गात काढलेल्या बाईला, आत्ता कोण काय सांगायला उभं राहिलंय, एवढं तरी कळायला हवं होतं. मी सांगलीच्या बाईंकडे वळले आणि त्यांनी नातवाच्या बारशाचं सांगायला सुरुवात केली.

दुसऱ्या दिवशी काकू आल्या नाहीत. त्यानंतर कधीच आल्या नाहीत.

त्यांची सून लिफ्टमध्ये भेटली तेव्हा मी विचारलं. "गुडघे दुखतात म्हणतात," ती म्हणाली. गुडघ्यांवर विश्वास ठेवणं मला सोयीचं होतं, म्हणून ठेवला. काकूंचं घर माझ्या दोनच मजले खाली. गेले असते तर पाच मिनिटांचं काम. पण आधी दिवाळी आली, मग माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, आणि मग इतके दिवस उलटून गेले की आता जायचं तर काय म्हणून, असं वाटायला लागलं. एकदा दारापर्यंत गेले होते. आतून टीव्हीचा आवाज येत होता. बेलवर बोट ठेवलं आणि न दाबताच परत आले. माफी मागणं हे आमच्या घरात कोणाला शिकवलेलंच नव्हतं. मीही वर्गात कधी कोणाची मागितली नाही.

माझ्या स्वयंपाकघराची गॅलरी मागच्या फाटकावर उघडते. तिथे एक म्हातारी पालेभाजी घेऊन बसायची. सोसायटीची निम्मी जमीन तिच्याच दिरांची होती, घरात दोन गाड्या होत्या, पण घरी बसवत नाही म्हणून उरलेल्या तुकड्यात ती मेथी-कोथिंबीर लावायची आणि तीनच्या सुमारास फाटकापाशी पोतं अंथरायची. ऑपरेशननंतर डोळ्यांवरचा काळा चष्मा निघाला आणि एका दुपारी गॅलरीतून मला दिसलं की भाजीवाल्या मावशींच्या शेजारी पालथ्या क्रेटवर यवतमाळच्या काकू बसल्या आहेत. कोथिंबिरीच्या जुड्या बांधत होत्या. बोलत होत्या. इतक्या उंचावरून शब्द येत नव्हते, पण हात दिसत होते. काकूंचे हात एवढे हलतात हे मला माहीतच नव्हतं. मग धुणीभांडी करणाऱ्या दोघी घरी जाता जाता त्यांच्यात येऊन टेकल्या. कोणीतरी काहीतरी म्हणालं आणि चौघी एकमेकींच्या अंगावर पडून हसल्या.

माझ्या 'चार ते सहा'मध्ये असं कोणी कधी हसलं नव्हतं. आम्ही हसायचो ते कोणाला तरी.

दोन-तीन दिवस वरूनच बघितलं. मग पिशवी घेऊन खाली उतरले. मला पाहताच त्यांचं बोलणं थांबलं. मी मेथीची जुडी उचलली आणि म्हणाले, "काय काकू, कशा आहात?"

काकू क्रेटवरून उठल्या. पदर सारखा केला. "मी बरी आहे," त्या म्हणाल्या. "आपली प्रकृती ठीक आहे ना? डोळ्यांचं ऑपरेशन झालं, असं ऐकलं होतं."

एकेक शब्द तपासून, पुसून ठेवल्यासारखा. 'मी' आणि 'आहे'च्या मध्ये छोटासा थांबा, चूक तर होत नाही ना हे पाहण्यापुरता. हा आवाज माझ्या चांगल्या ओळखीचा होता. एकदा सगळ्या वर्गासमोर बोलणी खाल्लेलं मूल नंतर वर्षभर बाईंशी याच आवाजात बोलतं.

तिथेच म्हणायला हवं होतं. मावशी होत्या, त्यांच्यासमोर कसं म्हणायचं, म्हणून राहिलं. "हो, आता सगळं स्वच्छ दिसतं," असं काहीतरी बोलून मी मेथी घेऊन वर आले. ती मेथी दोन दिवस फ्रिजमध्ये पडून पिवळी झाली.

उन्हाळ्यात मी मुलीबरोबर तीन आठवडे कोकणात गेले. परत आले तेव्हा फाटकाशी मावशी एकट्याच होत्या. मी वेळ न घालवता खाली गेले.

"काकू दिसत नाहीत?"

"गेली की गावाला," मावशी म्हणाल्या. "धाकट्या जावंपाशी ऱ्हानार म्हनली. पोराशी भांडून न्हाय बरं का, नीट बोलून गेली. त्यो रडला बिचारा."

"कायमच्या?"

"आता कायमच्याच म्हनायच्या. ह्या वयात परत कुठं येतंय कोन." त्यांनी क्रेट माझ्याकडे सरकवला. "बसा की बाई. उभ्या का?"

मी बसले. एक जुडी बांधता बांधता विचारलं, "मावशी, त्यांचे यजमान कसे गेले, काही बोलल्या का तुमच्याशी कधी?"

मावशींनी माझ्याकडे नीट पाहिलं. "तुमास्नी न्हाय म्हाईत? पयलं तुमच्यातच सांगायला गेलती म्हनं. जमलं न्हाय." मग त्यांनी सांगितलं. नवरा जेवत होता आणि त्या पाठमोऱ्या बसून पोळ्या करत होत्या. तो म्हणाला, वरणात मीठ नाही. रोज काही ना काही उणं काढायचा, त्या दिवशी काकूंचं डोकं फिरलं. न वळताच म्हणाल्या, हात मोडले का, घ्या उठून. तो उठला. मागे काहीतरी पडल्याचा आवाज झाला. त्यांना वाटलं, रागानं ताट ढकललं. म्हणून मुद्दाम वळल्या नाहीत. आणखी चार पोळ्या केल्या. मग वळल्या.

"पोरालाबी सांगितलं नव्हतं तिनं," मावशी म्हणाल्या. "मला सांगितलं तवा दोन दिस नुसती रडत व्हती हितं. मी म्हनलं, रड. हितं कोन इचारतंय."

"माझ्याबद्दल काही म्हणाल्या का?"

"बाई लई हुशार हाय म्हनायची. तिच्यापुढं तोंड उघडायचं भ्या वाटतं म्हनायची. दुसरं कायबी न्हाय."

काकूंच्या सुनेकडून नंबर घेतला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फोन लावला. काय बोलायचं ते कागदावर लिहून घेतलं होतं. काकूंनी उचलला. मी नाव सांगितलं.

"नमस्कार. आपण कशा आहात?"

कागद बाजूला ठेवला. "काकू, मी त्या दिवशी तुम्हाला मधेच तोडलं," मी म्हणाले. "सगळ्यांसमोर तुमची चेष्टा केली. माझं चुकलं. फार चुकलं. आणि मग यायलाही उशीर केला, आलेच नाही."

"असू द्या हो. आपण शिक्षिका आहात. आपल्याला सवय असते."

"तुम्ही जे सांगत होतात ते मला ऐकायचं आहे. आत्ता नको असेल तर पुन्हा कधी."

"आता ते सांगणं होणार नाही," त्या म्हणाल्या. रागानं नाही, पाणी आज येणार नाही असं सांगावं तसं. "तेव्हा झालं असतं."

तेवढ्यात तिकडे कोणीतरी त्यांना हाक मारली. काकूंनी फोन बाजूला धरला असावा. "येऊन राहिली ना वं!" त्या ओरडल्या. "चहा उकळू दे, मी फोनवर बोलून राहिली!" काय मोकळा, खणखणीत आवाज होता तो. मग फोन पुन्हा कानाशी आला आणि आवाज लहान झाला. "क्षमा करा. जाऊबाई बोलावत आहेत."

मी त्यानंतर तीनदा फोन केला. तिन्ही वेळा त्या 'आपण' म्हणाल्या, माझ्या डोळ्यांची चौकशी केली आणि दोन मिनिटांत ठेवला. चौथ्यांदा केला नाही. माझ्या समाधानासाठी त्यांना दर वेळी शुद्ध बोलायला लावायचं, हे बरं दिसेना.

त्या आठवड्यात 'चार ते सहा'मध्ये मी म्हणाले, आज मला सांगायचंय. मी हे सगळं सांगितलं. काकूंच्या पोळ्यांचं सोडून, ते माझं नव्हतं. सांगलीच्या बाई डब्याचं झाकण लावत-उघडत राहिल्या. शेवटी बँकवाले म्हणाले, "मीही हसलो होतो. माझ्यासाठी त्यांनी त्या दिवशी डोळे पुसले होते, आणि मी हसलो." एवढं बोलून ते उठून गेले.

दुसऱ्या दिवशी चार वाजून गेले, सव्वाचार झाले, तरी ते आले नाहीत. मी साडेचारपर्यंत वाट पाहिली आणि नवव्या मजल्यावर जाऊन बेल दाबली. बराच वेळ दार उघडलं नाही, म्हणून पुन्हा दाबली. ते दारात आले तेव्हा अंगावर स्वेटर होता.

"ताप आलाय," ते म्हणाले. "दुसरं काही नाही."

"मला वाटलं..."

"कळलं मला तुम्हाला काय वाटलं ते." ते बाजूला झाले. "आत या. चहा तुम्हालाच करावा लागेल."

चहाची पातेली सापडायला मला बराच वेळ लागला. ते बाहेरून ओरडून सांगत होते, खालच्या कप्प्यात, डावीकडे, आणि प्रत्येक वेळी चुकीचं सांगत होते.